वशिल्याचं तट्टू कोर्टात नेलं तर काय होतं?

रानवाट (धागाकर्ता)

परवा भाचीचा फोन आला. एका अनुदानित संस्थेत मुलाखत देऊन आली होती. समितीत पाच जण, आणि त्यातल्या एकाची सून हिच्या शेजारीच बाकावर बसलेली. हिला जेमतेम साडेतीन मिनिटं विचारलं, त्यातला एक प्रश्न 'रोज येण्याजाण्याचं कसं करणार?' हा. सुनेचं नाव पुकारल्यावर सासरेबुवा पाणी प्यायला म्हणून बाहेर आले, ती बाहेर पडल्यावर परत आत जाऊन बसले. कोणाची निवड झाली ते सांगायला नकोच. भाची विचारत होती, "मामा, ते तर उठून गेले होते. मग आता मी बोलू तरी काय?"

संस्थेचं नाव कृपया विचारू नका, देणार नाही. पण या प्रश्नाने मला माझ्या प्रशिक्षणाचे दिवस आठवले. मी वनखात्यातून निवृत्त झालो. तेव्हा आम्हाला कायद्याचे तास असत, दुपारी जेवणानंतर, म्हणजे अर्धा वर्ग पेंगत असे. एका निकालाला मात्र सगळे जागे, कारण तो 'आपल्या' खात्यातला. क्रैपाक विरुद्ध भारत सरकार, १९६९.

१९६६ साली भारतीय वनसेवा नव्याने उभी राहत होती. पहिली भरती राज्यांच्या वनखात्यांत आधीपासून असलेल्या अधिकाऱ्यांतून करायची होती. त्यासाठीच्या खास निवड मंडळावर लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष किंवा त्यांचा सदस्य, वनमहानिरीक्षक, केंद्राचे एक सहसचिव, राज्याचे मुख्य सचिव आणि राज्याचे मुख्य वनसंरक्षक. कागदावर एकदम चोख. घोळ झाला जम्मू-काश्मीरमध्ये. तिथल्या मुख्य वनसंरक्षकाच्या खुर्चीत नकीशबंद नावाचे अधिकारी होते, तेही प्रभारी. आणि ते स्वतःच उमेदवार! शिवाय ज्यांना डावलून त्यांना ती खुर्ची मिळाली होती त्या सहकाऱ्यांचं अपील सरकारदरबारी पडून होतं, आणि तेही उमेदवार. मंडळ बसलं, यादी झाली. पहिलं नाव नकीशबंद. अपील करणारे गायब.

सरकारने कोर्टात सांगितलं की त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बैठकीत नव्हते. इतर सदस्यांनी शपथेवर लिहून दिलं की त्यांचा आमच्यावर काडीचा प्रभाव पडला नाही. शिवाय शेवटची शिफारस आयोगाची, मंडळाची नाही. पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने यातलं काहीच मान्य केलं नाही. स्वतःच्या वेळी बाहेर गेले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं चर्चेला आली तेव्हा आतच होते ना? क्रमवारी लावताना होते ना? मग मनात पक्षपात होता हे कोणी सिद्ध करत बसायची गरज नाही, तो असण्याची वाजवी शक्यता पुरे. 'हे प्रशासकीय काम आहे, न्यायदान नव्हे, इथे नैसर्गिक न्यायाची तत्त्वं (स्वतःच्याच प्रकरणात स्वतः निवाडा करायचा नाही वगैरे) कशाला' हा सरकारचा लाडका मुद्दाही तिथेच निकालात निघाला. अख्खी यादी रद्द.

आता माझा प्रश्न. पाणी प्यायला बाहेर जाणं पुरेसं आहे की नाही? जाणकारांनी सांगावं.

अभ्यासिका_सदाशिव

काका, धागा काढलात ते बरं केलंत. आमच्या अभ्यासिकेत रोज रात्री चहाला हाच विषय असतो, फक्त शेवट 'जाऊ दे रे, पुढच्या जाहिरातीला बघू' असा होतो.

मी असं वाचलंय की हरियाणात आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक निवडले गेले होते आणि सुप्रीम कोर्टाने ती निवड रद्द केली. मग भाचीची केस पक्की ना?

मोडीवाचक

रद्द केली नाही. अर्धं वाचून पूर्ण ठोकायची सवय परीक्षेत महागात पडेल.

अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा, १९८५. निवड रद्द केली होती पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि निवड कायम ठेवली.

काळा_कोट

मोडीवाचक बरोबर आहेत, पण रानवाट काकांच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्याच निकालात आहे. जरा सविस्तर लिहितो, आज तारीख नाही.

हरियाणा लोकसेवा आयोगाने ६१ जागांसाठी जाहिरात दिली होती. लेखी परीक्षेतून तेराशेच्या वर उमेदवार मुलाखतीला बोलावले, म्हणजे जागांच्या विसपटीहून जास्त. मुलाखती महिनोन्‌महिने चालल्या. मुलाखतीला ९०० पैकी २०० गुण, म्हणजे २२.२ टक्के. आणि निवडलेल्यांत आयोगाच्या सदस्यांचे नातलग. तुमच्याआमच्या भाषेत सगळा मालमसाला हजर.

न्या. भगवतींच्या खंडपीठाने काय केलं? जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवारच मुलाखतीला बोलवा, असं सांगितलं. मुलाखतीचं वजन यापुढे १२.२ टक्क्यांवर नको, असं सांगितलं. आयोगावर कर्तबगार, प्रामाणिक, स्वतंत्र बाण्याची माणसं नेमा, असंही राज्यांना ठणकावलं. पण झालेली निवड मोडली नाही, कारण गुण मुद्दाम फिरवल्याचा पुरावा नव्हता आणि ते सदस्य आपल्या नातलगाच्या मुलाखतीच्या वेळी उठून गेले होते.

आता इथे लक्ष द्या. कोर्टाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. लोकसेवा आयोग ही घटनात्मक संस्था. तिथला सदस्य 'मी या भरतीतूनच बाजूला होतो, दुसरा नेमा' असं म्हणू शकत नाही, कारण बदली सदस्य आणायचा कुठून? म्हणून तिथे त्या उमेदवारापुरतं उठणं चालतं. मात्र त्या उमेदवाराबद्दल चर्चा करायची नाही आणि त्याचे गुण त्या सदस्याला कळता कामा नयेत. साध्या निवड समितीला ही सवलत नाही. तिथे जवळचा नातलग उमेदवार असेल तर सदस्याने त्याच्या मुलाखतीपुरतं उठून भागत नाही. संपूर्ण प्रक्रियेतून बाजूला व्हायचं आणि आपल्या जागी दुसरा माणूस नेमायला सांगायचं.

तेव्हा काका, पाण्याचा ग्लास पुरेसा नाही. निदान तुम्ही सांगताय तशा समितीला तरी नाही.

रानवाट

वा! म्हणजे सासरेबुवांनी इतरांना दिलेले गुणही प्रश्नाखाली येतात. भाचीला साडेतीन मिनिटांत उरकणारेही तेच होते.

काळा_कोट

नेमकं तेच. स्वतःच्या सुनेला एक गुण जास्त न देताही तिला वर आणता येतं, बाकीच्यांना खाली ढकललं की झालं. क्रैपाकमध्ये कोर्टाने हेच पकडलं होतं.

अभ्यासिका_सदाशिव

मोडीवाचक सर, चूक मान्य. 🙏

पण ते १२.२ टक्क्यांचं काय? आमच्या राज्यसेवेला आधी मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १००, म्हणजे ११.१ टक्के. आता वर्णनात्मक पॅटर्नमध्ये १७५० आणि २७५. कॅल्क्युलेटर काढला, १३.६ येतात. मग ओलांडली की लक्ष्मणरेषा!

काळा_कोट

रेषा आहे, लक्ष्मणाची नाही. १२.२ हा आकडा त्या काळच्या यूपीएससीच्या गुणपद्धतीवरून आलेला, २०५० पैकी २५०. त्याच्या आधी अजय हसिया खटल्यात (श्रीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजातले प्रवेश, दोनतीन मिनिटांच्या मुलाखती आणि त्यांना एकतृतीयांश गुण) कोर्टाने १५ टक्क्यांच्या वर मनमानी म्हटलं. आणि लीलाधर विरुद्ध राजस्थान, १९८१, यात न्यायाधीशांच्या भरतीत २५ टक्के चालवून घेतले, कारण तिथे उमेदवार वयाने, अनुभवाने तयार असतात. सांगायचं इतकंच की एक टक्का इकडेतिकडे झाला म्हणून याचिका टाकायला जाऊ नका, खर्च वाया जाईल.

केंद्राने गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती २०१६ पासून बंदच केल्या. रोगाचं मूळ कुठे आहे हे सरकारलाही माहीत आहे.

लेस्टरकर

अवांतर आहे, चालवून घ्या. ज्या स्पर्धा परीक्षेच्या नावाने आपण रडतो तिचा जन्मच वशिल्याला कंटाळून झालाय. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना आपापल्या पोरापुतण्यांना हिंदुस्थानात चिकटवायचा हक्कच होता, चक्क वाटून घेतलेला. १८५४ मध्ये इथे इंग्लंडात सरकारी नोकरभरतीवरचा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल आला, आणि १८५५ पासून आयसीएससाठी, म्हणजे हिंदुस्थानातल्या सनदी सेवेसाठी, खुली स्पर्धा सुरू झाली. परीक्षा लंडनलाच, म्हणजे आपल्याकडच्या पोराने आधी समुद्र ओलांडायचा. पहिला हिंदी माणूस, सत्येंद्रनाथ टागोर, १८६३ ला पास झाले. वशिला गेला आणि बोटीचं भाडं आलं!

तुळशीकट्टा

तुम्हा सगळ्यांचं वाचतेय. एक वेगळी बाजू मांडते, राग मानू नका.

माझी आई एका नगरपरिषदेत अठरा वर्षं रोजंदारीवर झाडू मारत होती. तिला कोणी लावलं? तेव्हाच्या एका नगरसेवकाने, ओळखीवर. जाहिरात नाही, परीक्षा नाही. तुमच्या व्याख्येत हाही वशिलाच. पण मग ज्यांना अठरा वर्षं तिच्याकडून कायमचं काम करून घ्यायला काही वाटलं नाही, त्यांनी कायम करायची वेळ आली तेव्हा तोंडावर एक निकाल फेकला. उमादेवी. आईला वाटलं कोणीतरी बाई तिच्या वाइटावर आहे. कितीतरी दिवस विचारायची, "कोण गं ही उमादेवी? तिला काय केलं मी?"

काळा_कोट

ताई, राग कसला. हा मुद्दा यायलाच हवा होता.

कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी, १० एप्रिल २००६, पाच न्यायाधीश. मागच्या दाराने आलेल्यांना नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येणार नाही, कारण त्यामुळे बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांचा समान संधीचा हक्क, कलम १४ आणि १६, मारला जातो. तत्त्व म्हणून चूक नाही. पण त्याच निकालाच्या परिच्छेद ५३ मध्ये फरक केलाय. नेमणूक 'बेकायदा' वेगळी आणि 'अनियमित' वेगळी. मंजूर पदावर, पात्र माणूस, कोर्टाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काम करतोय, तर एकदाच एक मोहीम घेऊन त्याला नियमित करा, आणि हे काम सहा महिन्यांत सुरू करा. हा परिच्छेद कार्यालयांना कसा कोण जाणे दिसत नाही. बाकीचा निकाल मात्र तोंडपाठ.

२० डिसेंबर २०२४ चा जग्गो विरुद्ध भारत सरकार हा निकाल वाचा. न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे. केंद्रीय जल आयोगात सफाई आणि बागकाम करणारी माणसं, वर्षानुवर्षं 'अर्धवेळ' आणि 'हंगामी'. कोर्टाने त्यांना कामावर परत घेऊन नियमित करायला सांगितलं, आणि सुनावलं की उमादेवी निकाल मागच्या दाराच्या नेमणुका रोखायला होता, राबणाऱ्यांचे हक्क मारायचं हत्यार म्हणून नव्हे.

तुळशीकट्टा

आई २०१९ ला गेली. निकाल वाचून दाखवला असता तिला.

रानवाट

ताई, काय बोलावं कळत नाही. आमच्या खात्यातही बारमाही हंगामी मजूर अशी एक जमात होती. नावातच सगळं आलं.

मोडीवाचक

तुळशीकट्टा यांच्या मुद्द्याला जोडून एक म्हणतो. खालच्या माणसाची ओळख 'मागचं दार' ठरते आणि वरच्या माणसाची ओळख 'अनुभवी व्यक्तीची थेट नियुक्ती' ठरते. शब्दांत फरक, दार तेच.

आणि महाराष्ट्राने वशिल्यापायी मुख्यमंत्रीही गमावलाय, हे नव्या पिढीला माहीत नसेल. नोकरीचं नव्हे, परीक्षेचं प्रकरण. शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या एमडी परीक्षेतल्या गुणवाढीवरून मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा ताशेऱ्यांनी राजीनामे होत.

फोंडेकार

आमच्या गोव्यात मंत्र्याच्या मतदारसंघावरून खात्याची भरती ओळखतात हो. यादी लागली की लोक आधी गाव बघतात, मग नाव. निवडणूक जवळ आली की जास्तच. २०१९ मध्ये कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला, म्हणजे खात्याखात्याने वेगळी भरती करण्यापेक्षा एकाच ठिकाणी संगणकावर परीक्षा. आणि २०२४ च्या शेवटी काय उघडकीला आलं? नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखांनी पैसे उकळल्याच्या तक्रारींवर तक्रारी. त्यातल्या कित्येकांना नोकरी मिळालीच नाही. माझं म्हणणं, वशिला प्रत्यक्षात असो वा नसो, तो आहे या विश्वासावरच केवढा धंदा चालतो पाहा.

अभ्यासिका_सदाशिव

+१. आमच्याकडे पण 'रेट' माहीत असतो सगळ्यांना. देणारा कोणी भेटलेला नसतो, पण रेट माहीत असतो.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, तर डोळ्यांसमोर झालं. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी थेट परीक्षा परिषदेच्या प्रमुखालाच अटक केली, आणि पुढे ७ हजार ८०० च्या आसपास परीक्षार्थी अपात्र ठरवले. कुंपणानेच शेत खाल्लं. २०२५ मध्ये नागपूरचं बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक) प्रकरण आलं, तिथे तर परीक्षा वगैरे भानगडच नाही, थेट पगारपत्रकात नाव.

हावडा_पूल

नोकरीनिमित्त बारा वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून लिहितो. वशिल्याविरुद्ध खटला *जिंकल्यावर* काय होतं ते मी शेजारच्या फ्लॅटमध्ये पाहिलंय.

पश्चिम बंगालच्या शाळा सेवा आयोगाची २०१६ ची भरती. उत्तरपत्रिका कोऱ्या ठेवणाऱ्यांना गुण, गुणवत्ता यादीत उड्या, यादीची मुदत संपल्यावर नेमणुका. एप्रिल २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आणि ३ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अख्खी भरती रद्द केली. शिक्षक आणि शिक्षकेतर मिळून २५ हजारांवर नोकऱ्या. शेजारच्या ताई भौतिकशास्त्र शिकवायच्या. एक पैसा न देता लागलेल्या, असं त्या म्हणतात आणि माझा विश्वास आहे. त्याही गेल्या. त्या रात्री त्यांच्या घरात टीव्ही बंद होता, एवढंच आठवतं.

सगळ्यांना का काढलं? कारण आयोगाने मूळ ओएमआर पत्रिका (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिका) नष्ट केल्या होत्या आणि त्यांच्या प्रतीही नीट ठेवल्या नव्हत्या. कोण स्वच्छ, कोण बरबटलेला, हे वेगळं काढायला कागदच उरला नाही. ज्यांच्यावर ठपका नाही त्यांना मिळालेला पगार परत करावा लागला नाही आणि शाळेचं वर्ष बुडू नये म्हणून अशा शिक्षकांना डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली. पण पुन्हा परीक्षा द्यायची. चाळिशीत. विद्यार्थ्यांबरोबर बसून.

रानवाट

हे फार जड आहे. म्हणजे क्रैपाकमधलं जे 'अख्खी यादी रद्द' मी अभिमानाने लिहिलं, त्यातही कोणीतरी सरळमार्गी अधिकारी असणारच. वर्गात हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

काळा_कोट

कोर्टाचा कल साधारण असा की वेगळं काढता आलं तर काढा, नाहीतर सगळं मोडा. म्हणून पुरावा जपणं आव्हान देणाऱ्याच्या जितकं हिताचं, तितकंच प्रामाणिकपणे निवडलेल्याच्याही.

फौजदारी बाजूही आहे. हरियाणातली ३ हजार २०६ प्राथमिक शिक्षकांची भरती घ्या. निवडीच्या मूळ याद्या बदलून दुसऱ्या घुसवल्या होत्या. जानेवारी २०१३ मध्ये माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांच्यासह ५५ जण दोषी ठरले, चौटालांना दहा वर्षं. ज्या आयएएस अधिकाऱ्याने सुप्रीम कोर्टात जाऊन प्रकरण बाहेर काढलं, तोही दोषींत होता! पण तिथे दोन याद्या हातात होत्या. तुमच्याकडे फक्त 'सगळ्यांना माहीत आहे' असेल तर पोलीस ठाण्यात चहाही मिळणार नाही. सेवाविषयक खटल्यात गुन्हा सिद्ध करायचा नसतो, प्रक्रिया कुठे मोडली ते दाखवायचं असतं. 'त्यांनी वशिला लावला' हे वाक्य याचिकेत जितक्या कमी वेळा येईल तितकं बरं. जाहिरातीत काय होतं, नियमात काय आहे, समितीत कोण होतं, गुणांची विभागणी कधी ठरली, हे लिहायचं.

अभ्यासिका_सदाशिव

निकष मध्येच बदलले तर?

काळा_कोट

चांगला प्रश्न. तेजप्रकाश पाठक विरुद्ध राजस्थान उच्च न्यायालय, ७ नोव्हेंबर २०२४. गंमत म्हणजे इथे आरोपी खुद्द उच्च न्यायालयाचं प्रशासन. अनुवादकांच्या १३ जागा, परीक्षा झाली, मग ठरलं की किमान ७५ टक्के हवेत. तिघंच उरले. पाच न्यायाधीशांनी सांगितलं की खेळ सुरू झाल्यावर नियम बदलायचे नाहीत, जाहिरातीत किंवा मूळ नियमांत तशी मुभा असेल तरच, आणि तेव्हाही मनमानी नको. मात्र त्याच निकालात हेही आहे की यादीत नाव लागलं म्हणजे नेमणुकीचा हक्क मिळाला असं नाही.

माहिती_अर्जदार

इतक्या प्रतिक्रिया झाल्या आणि माहिती अधिकाराचं कोणी नाव काढलं नाही, कमाल आहे.

निवडलेल्या उमेदवारांचे गुण मागता येतात. ११ नोव्हेंबर २०२४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकाच्या भरतीतला एक उमेदवार इतरांचे गुण मागत होता, 'खासगी माहिती' म्हणून नकार मिळाला होता. कोर्ट म्हणालं, सार्वजनिक भरतीतले गुण ही लपवायची गोष्ट नाही. पत्ता, फोन, आधार देऊ नका, गुण द्या.

आता यात पाचर बसली आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम बदललंय. 'सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर द्या' हा जो आधार त्या कलमातच होता, तो काढून टाकला. कलम ८(२), म्हणजे व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद, शिल्लक आहे. अर्जात आता त्याचा उल्लेख स्वतःहून करा. आणि 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असं मोघम लिहू नका. समितीच्या नेमणुकीचा आदेश, हजेरीपट, प्रत्येक सदस्याने दिलेले गुण, इतिवृत्त, असं एकेक लिहा.

काळा_कोट

अगदी बरोबर. आता भाचीसाठी दोन अडचणीच्या गोष्टी सांगतो, गोड बोलून फसवायचं नाही.

पहिली, मदनलाल विरुद्ध जम्मू-काश्मीर, १९९५. सगळं डोळ्यांनी दिसत असताना निमूट मुलाखत द्यायची आणि नाव आलं नाही की तक्रार करायची, हे कोर्टाला आवडत नाही. मुलाखतीच्या दिवशीच लेखी हरकत नोंदवली असती तर सोनं होतं. पण उमेदवाराने त्या क्षणी 'साहेब, तुमची सून बाहेर बसलीये' म्हणायचं, हे खुर्चीत बसून बोलायला सोपं. म्हणून २०१९ चा मीता सहाय विरुद्ध बिहार हा निकाल जवळ ठेवायचा. भाग घेतला म्हणजे प्रक्रियेतली बेकायदेशीरताही मान्य केली असं होत नाही, असं त्यात म्हटलंय.

दुसरी, दरवाजा कुठला? राज्य सरकारचं खातं किंवा एमपीएससी असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आणि तिथे साधारण एका वर्षाची मुदत. जिल्हा परिषद, महापालिका असेल तर मॅट नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका. अनुदानित संस्थेत आधी हे बघायचं की निवड समिती कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या मान्यतेने बसली. नेमणुकीला शिक्षणाधिकारी, सहसंचालक किंवा विद्यापीठ यांपैकी कोणाची मान्यता लागते? ती अजून मिळाली नसेल तर पहिली हरकत तिथेच टाका. मान्यतेची सही व्हायच्या आत पोचलेला कागद आणि नंतर पोचलेला कागद यांत जमीनअस्मानाचा फरक.

आणि निवड झालेल्या सुनेला प्रतिवादी करायला विसरू नका. तिला न ऐकता तिची नेमणूक कोर्ट मोडणार नाही, आणि मोडूही नये.

मोडीवाचक

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. सून हुशारही असू शकते. सासऱ्याने बाजूला व्हायला हवं होतं ते तिच्यासाठीही.

फोंडेकार

हे मात्र पटलं.

नवी_पाटी

रानवाट मामांची भाची ती मीच. आजच खातं उघडलं.

सगळं वाचलं. मामांना सांगायचं राहिलं होतं, मुलाखतीच्या दिवशी एका रजिस्टरमध्ये सह्या घेतल्या होत्या. आत जाताना वेळ, बाहेर येताना वेळ. माझी पाचवी ओळ, तिची सहावी. माझ्या दोन वेळांत चार मिनिटांचं अंतर आहे, तिच्या किती ते मला दिसलं नाही कारण मी निघून आले. त्याच पानाच्या वर समितीची पाच नावं छापलेली होती.

तिच्याबद्दल एक सांगते. बाहेर बसलो होतो तेव्हा माझ्या झेरॉक्सची पिन निघाली, तर तिने तिच्या फायलीतली काढून दिली. मला तिच्यावर केस करायची कल्पना नको वाटते.

काळा_कोट

ताई, प्रतिवादी करणं म्हणजे तिच्यावर आरोप नव्हे. तिला बोलायची संधी देणं. मान्यता झाली का?

नवी_पाटी

नाही. कार्यालयातला एक शिपाई म्हणाला, फाइल पुढच्या आठवड्यात जाईल.

काळा_कोट

मग हे रजिस्टरचं पान माहिती अधिकारात आधी मागा. हरकतीचा अर्ज वेगळा, त्यात फक्त नातं, समिती आणि तारीख. साडेतीन मिनिटं वगैरे नको, ते रजिस्टर सांगेल. दोन्हीवर पोच घ्या, शिक्क्यासकट.

नवी_पाटी

उद्या अकराला मामा आणि मी जातोय. आवक-जावक खिडकी साडेअकराला उघडते म्हणे.

माहिती_अर्जदार

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आजच घेऊन ठेवा. तिथल्या झेरॉक्सवाल्याकडे बारानंतर मिळत नाही.